वडिलांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून डॉक्टर स्टेरॉइड देणार म्हणतात. देऊ द्यावं का?

एखादाच डोस असेल तर देऊ द्या. रोजच्या गोळ्या लिहून देत असतील तर मात्र कशासाठी आणि किती दिवस, हे विचारा.

आमच्या सासूबाई मोरीत घसरल्या आणि खुबा मोडला. वय ऐंशीच्या घरात. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, ऑपरेशनच्या वेळी शिरेतून ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइडच, देऊ. सूज आणि मळमळ कमी राहील, ट्रामाडॉल, म्हणजे दुखण्यावरचं कडक औषध, कमी लागेल. झालं! धाकटे दीर उसळले. "वहिनी, २०२१ विसरलात? स्टेरॉइडनंच काळी बुरशी झाली लोकांना." त्यातल्या बहुतेकांची शुगर हाताबाहेर गेली होती, आणि स्टेरॉइड एकदाच नाही, रोज चालू होतं, असं सांगायला गेले तर "तुम्ही डॉक्टर आहात का?"

तेवढ्यात बाईंचं लक्ष सासूबाईंच्या दंडाकडे गेलं. कागदासारखी पातळ कातडी, काळेनिळे डाग, चेहरा गोल गरगरीत. गुडघ्यांसाठी काही घेतात का? घेत होत्या की! भाऊजीच आणून द्यायचे, बिनलेबलाच्या पुड्या, 'शुद्ध आयुर्वेदिक'. सकाळी पुडी घेतली की संध्याकाळी जिना चढायच्या. असल्या पुड्यांत स्टेरॉइडच कुटून घातलेलं सापडतं, आणि ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं ठिसूळ होतात. म्हणजे आईला इतकी वर्षं पुड्या चारणारा माणूस एका इंजेक्शनसाठी दारात आडवा!

सही शेवटी माझ्या नवऱ्यानं केली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं तेव्हा सासूबाई कण्हल्या, पण उभ्या राहिल्या. सगळं श्रेय इंजेक्शनला देत नाही. मांडीत नस बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक, दिला होता, पॅरासिटामॉल घड्याळ लावून चालू होतं. पण या वयात दुसरं काय देणार? डायक्लोफेनॅक किडनीला जड, ट्रामाडॉलनं म्हातारी माणसं बरळायला लागतात. आणि दुखतंय म्हणून पडून राहिलं की न्यूमोनिया आणि पाठीला जखमा.

नियोजित सांधाबदलात या डोसचा अभ्यास बराच झालाय, मोडलेल्या खुब्यात त्या मानानं कमी, हेही खरं. वडिलांना मधुमेह असेल तर एका डोसनंही एक-दोन दिवस शुगर चढते. तपासत राहायला सांगा. कुठे जंतुसंसर्ग असेल तर तेही आधी बोला. मी डॉक्टर नाही, निर्णय त्यांचाच.

आणि वडील पुड्या घेत असतील तर लपवू नका, मनानं एकदम बंदही करू नका. शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, ऑपरेशनमध्ये बीपी कोसळू शकतं. पुडी भूलतज्ज्ञांच्या हातात द्या.

भाऊजी अजून म्हणतात, त्यात जडीबुटीच होती. अन्न व औषध प्रशासनाकडे तपासायला देऊ म्हटलं, तर म्हणे पुड्या संपल्या.