अ‍ॅल्युमिनिअमच्या सेलमध्ये १८८६ नंतर नेमकं काय सुधारलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विजेच्या प्रवाहाने अ‍ॅल्युमिनिअम काढायची हॉल आणि एरू यांची पद्धत १८८६ची, आजही जगभर तीच चालते, मग इतक्या वर्षांत इंजिनिअरांनी सेलमध्ये केलं काय? आणि तरीही किलोमागे तेरा-चौदा युनिट वीज का लागते? मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि सेमिनारसाठी विषय शोधताय असंही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी ओडिशात एका स्मेल्टरच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम काढायच्या कारखान्याच्या, पॉटलाइनवर प्रोसेसचं काम पाहतो. ज्या टाकीत हा धातू निघतो त्या सेलला आम्ही पॉट म्हणतो आणि पॉटच्या ओळीला पॉटलाइन, पुढे तेच शब्द वापरतो.

रसायन खरंच तेच आहे. साडेनऊशे अंशांच्या आसपास वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (हा एक फ्लुओराइड क्षार, त्याच्या द्रवाला आम्ही बाथ म्हणतो) अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचा ऑक्साइड, विरघळवायचा, वरून कार्बनचे अ‍ॅनोड, तळाला कार्बनचाच कॅथोड, आणि डीसी करंट सोडायचा. धातू तळाशी साठतो. अ‍ॅनोडचा कार्बन ऑक्सिजनबरोबर जळत जातो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो.

आता हिशेब. फॅरडेच्या नियमाप्रमाणे एक किलो अ‍ॅल्युमिनिअमला २,९८० अँपिअर-तास लागणारच, त्यात कोणाचंच काही चालत नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात: पॉटचं व्होल्टेज आणि करंट एफिशिअन्सी, म्हणजे सोडलेल्या करंटपैकी किती टक्के खरोखर धातू बनवण्यात लागला. ४.२ व्होल्ट आणि ९४ टक्के धरा. २.९८ गुणिले ४.२ भागिले ०.९४, म्हणजे १३.३ युनिट. यातून एक दशांश व्होल्ट वाचवला तर ३६० किलोअँपिअरच्या एका पॉटमागे दिवसाला ८६४ युनिट वाचतात. अशा तीनशे पॉटची लाइन असेल तर रोजचे अडीच लाखांहून जास्त. आमच्या धंद्यात माणसं मिलिव्होल्टसाठी का भांडतात ते यावरून कळेल.

या ४.२ व्होल्टपैकी जवळजवळ दीड व्होल्ट अ‍ॅनोड आणि धातू यांच्यामधल्या बाथच्या थरातच खर्ची पडतो. हा थर असतो चार-साडेचार सेंटिमीटरचा. एक मिलिमीटर कमी केला की ढोबळमानाने ३५-४० मिलिव्होल्ट वाचतात. मग सरळ दोन सेंटिमीटरवर का आणत नाही? कारण खालचा धातू स्थिर नसतो. माझ्या मते सेलच्या सुधारणेचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्या धातूला शांत करण्याचा इतिहास आहे.

लाखो अँपिअरचा प्रवाह जिथून जातो तिथे प्रचंड चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉटरूममध्ये लोखंडी सळई हातात धरली तर ती आपल्याच मर्जीने वळते, आणि एटीएम कार्ड खिशात ठेवून आत जायचं नाही हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. हेच क्षेत्र वितळलेल्या धातूतून जाणाऱ्या प्रवाहावर जोर लावतं. धातू फिरतो, एका बाजूला फुगतो, हेलकावे घेतो. परातीत पाणी भरून चालायला लागलं की ते कसं या काठावरून त्या काठावर जातं, तसंच. वर तरंगणारा बाथ धातूपेक्षा थोडासाच हलका असल्यामुळे लाट उठायला फार जोर लागत नाही. लाट अ‍ॅनोडच्या जवळ आली की धातूचा अंश कार्बन डायऑक्साइडला भेटतो, पुन्हा अ‍ॅल्युमिना होतो, आणि आधी घातलेली वीज वाया जाते. अ‍ॅनोडला टेकलीच तर शॉर्ट.

यावरचा उपाय पॉटच्या आत नव्हताच, तो बाहेर होता: एका पॉटमधून पुढच्या पॉटला प्रवाह नेणाऱ्या अ‍ॅल्युमिनिअमच्या जाडजूड बसबारमध्ये. बसबार पॉटच्या खालून न्यायचे की टोकांना वळसा घालून, कुठल्या वाटेने किती प्रवाह द्यायचा, शेजारच्या ओळीचं क्षेत्र कसं खोडायचं, हे सगळं असं बसवायचं की धातूच्या पातळीवरचं उभं चुंबकीय क्षेत्र कमीत कमी उरेल. फ्रान्सच्या पेशिने कंपनीने संगणकावर याची गणितं मांडून आधी १८० किलोअँपिअरचा आणि १९८०च्या दशकात तीनशेच्या घरातला पॉट उभा केला. आपल्याकडे नाल्कोचा अंगुळचा स्मेल्टर त्या १८०च्या पिढीचा, आणि हिंदाल्कोचे महान व आदित्य त्याच घराण्यातल्या ३६०च्या पिढीचे. चीनमध्ये आता सहाशे किलोअँपिअरचे पॉट चालतात. बसबारची मांडणी बदलली नसती तर एवढ्या प्रवाहावर पॉट उभाच राहिला नसता. लोक मोठ्या पॉटचं कौतुक करतात, पण कौतुक करायचं तर या मांडणीचं करावं.

दुसरी मोठी सुधारणा म्हणजे अ‍ॅल्युमिना घालण्याची पद्धत. पूर्वी बाथवर गोठलेली बाजूची कडक पापडी फोडून काही तासांनी एकदम शेकडो किलो माल आत ढकलत. निम्मा विरघळायचा, निम्मा तळाला गाळ होऊन बसायचा. आता पॉटच्या मध्यावर पॉइंट फीडर असतात. हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी पापडीला भोक पाडते आणि साधारण किलोभर डोस पडतो. मिनिटभराने पुन्हा. गंमत अशी की बाथमध्ये अ‍ॅल्युमिना किती आहे हे सतत मोजणारा सेन्सर त्या तापमानाला आणि त्या जहाल द्रवात टिकतच नाही. म्हणून कंट्रोलर मुद्दाम थोडा वेळ कमी घालतो, मग थोडा वेळ जास्त, आणि पॉटचा रेझिस्टन्स किती वेगाने चढतो-उतरतो यावरून आतलं प्रमाण ओळखतो. ते दोन ते चार टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवायचं असतं. मला व्यक्तिशः ही या धंद्यातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

प्रमाण फार खाली गेलं की अ‍ॅनोड इफेक्ट होतो. अ‍ॅनोडखाली वायूचा थर बसतो आणि व्होल्टेज चारवरून एकदम तीसच्या आसपास जातं. पॉटचा दिवा लागतो, पापडीच्या भोकांतून ज्वाळेचा रंग बदलतो, आणि कंट्रोलरला जमलं नाही तर माणसं ओलं लाकूड अ‍ॅनोडखाली खुपसतात. त्याची वाफ आणि धूर बाथ घुसळतात आणि तो थर तुटतो. या काही मिनिटांत टेट्राफ्लुओरोमिथेन बाहेर पडतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता धरून ठेवतो आणि हवेत पन्नास हजार वर्षं टिकतो. पॉइंट फीडर आल्यापासून अ‍ॅनोड इफेक्ट फार कमी झाले. पर्यावरणाच्या हिशेबात या सुधारणेला मी फार वरचं स्थान देईन.

बाकीच्या सुधारणा पटकन: अ‍ॅनोडच्या खालच्या बाजूला खाचा पाडतात, त्यातून वायूचे बुडबुडे लवकर निसटतात. कॅथोड ग्राफिटाइज्ड, म्हणजे ग्राफाइटच्या रूपातल्या कार्बनचे, झाले. कॅथोडच्या लोखंडी बारमध्ये तांबं घालतात, त्याने व्होल्टेजही वाचतं आणि धातूतले आडवे प्रवाहही कमी होतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, इतकी वीज अजून का? सैद्धांतिक गरज किलोमागे सव्वासहा युनिटच्या आसपास आहे. बाकी जवळपास निम्मी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर जाते. ती सगळी अडवावी म्हटलं तर तेही चालत नाही. वितळलेला क्रायोलाइट जवळपास कुठलीही वीट विरघळवतो. पॉटच्या भिंती वाचतात त्या बाथच त्यांच्यावर गोठून थर धरतो म्हणून. तो थर टिकवायला बाजूने उष्णता बाहेर जावीच लागते. उलट व्होल्टेज नुसतं कमी केलं तर पॉट थंड पडतो आणि अ‍ॅल्युमिना विरघळेनासा होतो. म्हणून व्होल्टेज कमी करणारी प्रत्येक सुधारणा पॉटच्या आतल्या अस्तराची नवी रचना मागते. नॉर्वेत कारमॉय इथे हायड्रो या अ‍ॅल्युमिनिअम कंपनीने २०१८ला सुरू केलेली पथदर्शी लाइन किलोला १२.३ युनिटचं उद्दिष्ट धरूनच बांधली, आणि त्यात हा उष्णतेचा ताळमेळ कळीचा आहे.

इनर्ट अ‍ॅनोडबद्दलही विचारलंय. कार्बनऐवजी न जळणारा अ‍ॅनोड वापरला तर कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन निघतो. अल्कोआ आणि रिओ टिंटो यांनी २०१८ला त्यासाठी कॅनडात एलिसिस ही कंपनी काढली. पण कार्बन जळण्यातून मिळणारी ऊर्जा गेली की अभिक्रियेचं किमान व्होल्टेज १.२वरून २.२ होतं. हा एक व्होल्ट पॉटची रचना बदलून भरून काढावा लागतो. क्विबेकमध्ये जलविद्युत आहे, तिथे हे गणित जुळतं. आपल्याकडे बहुतेक स्मेल्टर स्वतःच्या कोळशाच्या विजेवर चालतात. अ‍ॅनोडमधून टनामागे दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तर कोळशाच्या विजेतून त्याच्या कित्येक पट. इथे युनिट वाचवण्यालाच पहिला मान द्यायला हवा असं माझं ठाम मत आहे.

सेमिनारला इनर्ट अ‍ॅनोड बरेच जण घेतात. तुम्ही उष्णतेचा ताळमेळ घ्या. जर्मनीत एसेनला ट्रिमेट या अ‍ॅल्युमिनिअम कंपनीने पॉटच्या बाजूंना हीट एक्स्चेंजर बसवलेत, म्हणजे ग्रिडमध्ये वीज जास्त-कमी होईल तसा करंट वर-खाली करता येतो आणि भिंतीवरचा थर टिकतो. तिथून सुरुवात करा. नागपूर जवळ पडत असेल तर वाडीच्या जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनिअम संशोधन केंद्रात विचारून बघा. आणि वरचं व्होल्टेजचं गणित ४.० आणि ३.९ व्होल्ट धरून स्वतः करून पाहा, अडलं तर इथेच विचारा.