स्टेशनबाहेर, मॉलमधे उभी असलेली एनजीओवाली मुलं लोकांना पैसे द्यायला नेमकं कसं पटवतात? फ्रॉड असतं का?

मी स्वतः हे काम केलंय, बीकॉम झाल्यावर सात महिने, कधी ठाण्यात गोखले रोडला तर कधी सीवूड्सच्या मॉलमधे, गळ्यात आयकार्ड आणि हातात फाईल. संस्थेचं नाव नाही सांगत. फ्रॉड नव्हतं, पैसे संस्थेलाच जायचे, पण आम्ही संस्थेची माणसं नव्हतोच, एजन्सीच्या पगारावर होतो आणि हे कोणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं होतं.

पहिलं म्हणजे पैसे मागायचेच नाहीत. "मॅडम एकच मिनिट, डोनेशन नकोय" म्हणून थांबवायचं (हवं तेच असायचं!). मग असे प्रश्न की समोरचा हो च म्हणणार, मुलींनी शाळेत जायला हवं ना वगैरे. तीनदा हो म्हटलेल्या माणसाला चौथ्यांदा नाही म्हणायला जड जातं.

मग फाईल. त्यात आकड्यांचं पण एक पान होतं पण टीम लीडरने सक्त सांगितलेलं की तिथे थांबू नका, एकाच मुलीच्या फोटोवर थांबा. मला वाटायचं याचंच डोकं, नंतर वाचलं की अमेरिकेत स्मॉल, लोवेनस्टाईन आणि स्लोविक यांच्या २००७ च्या पेपरमधे हेच मोजलंय. लोकांना सर्वे भरायचे ५ डॉलर दिले आणि यातले काही दान करता का विचारलं. मालीमधल्या रोकिया नावाच्या एका मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, लाखो उपाशी लोकांचे नुसते आकडे वाचलेल्यांनी १.१४, आणि ज्यांना रोकिया पण दाखवली आणि आकडे पण, त्यांनी १.४३. म्हणजे आकडे आले की रोकियाचेही कमी होतात.

रक्कम कधी महिन्याची नाही सांगायची. ८०० म्हटलं की माणूस घड्याळ बघतो, "दिवसाला २७ रुपये, एक वडापाव आणि कटिंग" म्हटलं की हसतो, आणि हसला की फॉर्म पुढे करायचा. कोणी एकदम पाचशेची नोट काढली तर आमचं तोंड वाकडं व्हायचं कारण टार्गेट ऑटो डेबिटच्या फॉर्मचं. एकदा खात्यातून कापले जायला लागले की बंद करायचा लोकांना कंटाळा येतो, सगळा खेळ त्या कंटाळ्यावर आहे.

मला खटकायचं ते ८०जी चं, म्हणजे दानावर मिळणाऱ्या टॅक्स सवलतीचं. "सर अर्धे पैसे टॅक्समधे परत" असं सर्रास बोलायचो आम्ही. परत काही मिळत नाही, अर्धी रक्कम उत्पन्नातून वजा होते, म्हणजे २० टक्के टॅक्स लागणाऱ्याने हजार दिले तर शंभर रुपये आणि वर थोडा सेस वाचतो, तो पण जुन्या टॅक्स रिजीममधे असेल तरच. एका काकांनी तिथेच उभं राहून हा हिशोब करून दाखवला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी त्यांनी फॉर्म भरला!

द्यायचे असतील तर घरी जाऊन संस्थेच्या साईटवरून द्या. नसतील तर सरळ नाही म्हणा, "येताना भरतो" नको, आम्ही खरंच वाट बघायचो.