बाळ पाणी पीतच नाही!

प्रश्न : माझी मुलगी साडेआठ महिन्यांची आहे, वजन आठ किलो. अंगावर पिते, खिमट आणि नाचणीची खीरही खाते. पण पाण्याचा चमचा पुढे केला की तोंड फिरवते. शी खड्यासारखी कडक होते. सासूबाई म्हणतात, उन्हाळा आहे, ग्लुकोज घालून बाटलीने पाजू या. काय करावे?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : आधी हिशेब मांडू. या वयात दिवसाला साधारण ८०० मिली पाणी लागते, पण त्यात दुधातले आणि अन्नातले पाणीही धरलेले असते. आईच्या दुधाचा सुमारे ८७ टक्के भाग पाणीच आहे. पाच-सहाशे मिली दूध पोटात गेले की निम्म्याहून अधिक गरज तिथेच भागते. मऊ खिमटातूनही बरेच पाणी जाते. वरून द्यायचे ते दिवसभरात मिळून १२० ते २४० मिली. कडक उन्हात आणखी एक-दोनदा अंगावर घ्या.

अंगावरचे दूध मोजता येत नाही, म्हणून लघवी मोजा. डायपरमध्ये नेमके कळत नाही. एक दिवस घरी सुती लंगोट वापरा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले झाले आणि लघवी फिकट असेल, तर पाणी पुरते आहे.

पाणी उकळून निववलेले, झाकून ठेवलेले असावे. भांड्यात हात न बुडवता ओगराळ्याने काढा. बाळाला ताठ बसवून, दोन-चार घास झाल्यावर लहान स्टीलची वाटी ओठाला टेकवा आणि तिला स्वतः घोट घेऊ द्या. प्रत्येक जेवणासोबत ३०-४० मिली, म्हणजे सहा-आठ छोटे चमचे, पुरेत. नको म्हणाली तर थांबा, पुढच्या जेवणाला पुन्हा द्या. मांडीवर आडवे घेऊन बोंडल्याने ओतू नका. पाणी श्वासनलिकेत जाते. बाटलीही नको. तिचे बूच नीट स्वच्छ होत नाही, त्यातून जुलाब लागतात.

जेवणाच्या आधी मात्र पाणी देऊ नका. पोटात किलोमागे साधारण ३० मिली मावते, म्हणजे तुमच्या मुलीच्या पोटात २४० मिलीच्या आसपास. शंभर मिली पाणी आधीच गेले तर जेवायला जागा उरेल कुठे? वरणावरचे नुसते पाणी देण्यातही हाच तोटा आहे. डाळ घोटून द्या. खिमट चमचा तिरका केला तरी ओघळू नये, इतपत दाट हवे.

ग्लुकोजचा आग्रह सासूबाईंनी सोडावा, ही कळकळीची विनंती. त्यात साखरेपलीकडे काही नाही आणि गोडाची चटक लागली की साधे पाणी आणखी नकोसे होते. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. फळांचा रस आणि मध वर्षाच्या आत देऊच नका; मधातल्या जंतूंमुळे बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

कडक शीचे कारण केवळ पाणी नसते. दाट नाचणी, कच्चट केळे, बिस्किटे यांनीही ती घट्ट होते. पिकलेली पपई, वाफवून कुस्करलेले पेअर, रात्री भिजवलेल्या चार-पाच काळ्या मनुका कुस्करून गाळून द्या. खिमटात चमचाभर तूप घाला. शीबरोबर रक्त आले किंवा पोट फुगले तर डॉक्टरांना दाखवा.

सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली, रडताना अश्रू येत नाहीत, बाळ मलूल पडले, यातले काहीही दिसले तर सरळ दवाखाना गाठा. जुलाब असतील तर एक लिटरचे ओआरएसचे अख्खे पाकीट एक लिटर पाण्यात कालवा आणि प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. कालवलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्या. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका.

प्रश्न : दुपारी पावडरचे दूध देतो. उन्हाळ्यात त्यात थोडे जास्त पाणी घालावे का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : अजिबात नाही. डब्यावर लिहिलेले माप आणि डब्यातलाच चमचा वापरा. दूध पातळ केले की बाळाचे पोट भरते पण वजन वाढत नाही, आणि जास्त पाण्यामुळे रक्तातले सोडियम उतरून झटके येऊ शकतात. पाणी द्यायचे ते वेगळे, वाटीने.