राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच असू दे

'ताई, मी २८ वर्षांची. नोकरी हिंजवडीत, राहायला वाकडला. तीन वर्षं ज्याच्यासोबत होते तो माझ्याच टीममध्ये आहे. आमचं सॉफ्टवेअरचं मॉड्यूल आम्ही दोघांनी मिळून उभं केलंय. जानेवारीत मला म्युनिकचं दीड वर्षाचं ऑनसाइट, म्हणजे तिथं जाऊन करायचं काम, मिळत होतं. "आधी लग्न उरकू, मग दोघं जाऊ," असं तो म्हणाला, म्हणून मी नकार दिला. तसं मलाही एकटीनं जायची भीती वाटत होतीच. जूनमध्ये त्यानं सांगितलं, पत्रिका जुळत नाही, घरचे ऐकत नाहीत. डिसेंबरात त्याचं लग्न आहे. रोज स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, त्याचा चेहरा बघावा लागतो. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलाय. पाठवू का? फ्लॅटचा करारही दोघांच्या नावावर आहे, आणि त्याच्या लॅपटॉपचे हप्ते माझ्या कार्डावर.'

पाठवू नकोस. निदान आत्ता तरी नको. 'जरा धीर धर' असलं काही मला म्हणायचं नाहीये, मी हिशेब करून सांगतेय.

तुझ्याकडे नोटीस पीरियड ९० दिवसांचा असणार, तुमच्या क्षेत्रात बहुतेक ठिकाणी तो तेवढाच असतो. ऑगस्टअखेर मेल गेला तर सुटका नोव्हेंबरअखेर. म्हणजे त्याच्या केळवणांचे फोटो टीमच्या ग्रुपवर येत असताना तू त्याच मजल्यावर बसलेली असशील. आणि केटी, म्हणजे जाताना कामाची माहिती सोपवणं, ती कुणाला द्यायची? तुझ्याखालोखाल ते मॉड्यूल ज्याला येतं त्याला. रोज तासभर, स्क्रीन शेअर करून. ज्याला टाळायला नोकरी सोडायची, त्याच्याशीच सगळ्यात जास्त बोलावं लागेल.

दुसरं, तुझी इथली नोकरी किती वर्षांची झाली ते ऑफर लेटर काढून बघ. ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं लागतात. समजा ४ वर्षं २ महिने झालेत, तर नोटीस धरूनही तू ४ वर्षं ५ महिन्यांवर अडकतेस. बेसिक ४० हजार असेल तर पंधरा भागिले सव्वीस गुणिले पाच वर्षं, म्हणजे सुमारे १ लाख १५ हजार. एवढे पैसे त्याच्या लग्नाचा आहेर म्हणून सोडायचे असतील तर तुझी मर्जी.

आता म्युनिक. तुझ्या पत्रात एक वाक्य तू घाईघाईत लिहून पुढे गेलीस: 'तसं मलाही भीती वाटत होतीच.' मला ते वाक्य सगळ्यात खरं वाटलं. नकार तुम्हा दोघांचा होता. सगळा त्याच्या खात्यावर टाकलास तर आता जाशील ती त्याला दाखवून द्यायला जाशील, आणि डिसेंबरात तिथं साडेचारच्या आत सूर्य मावळतो. त्या अंधारात दाखवायला समोर कुणी नसतं. काम हवंय म्हणून जायचं असेल तर जरूर जा, आणि त्यासाठी आत्तापासून तयारी कर. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. जर्मनची पहिली पातळी तरी करून टाक. दुकानात, डॉक्टरकडे, घर शोधताना तेवढीही भाषा उपयोगी पडते, आणि संध्याकाळचे दोन तास भरतात ते वेगळंच.

'पुन्हा विचारायला तोंड कुठंय' असं वाटत असेल, तर ते वाटणं सोड. मॅनेजरची वन-ऑन-वनची वेळ माग आणि तीन वाक्यांत बोल: 'जानेवारीत घरच्या कारणानं नाही म्हटलं होतं. ते कारण आता नाही. पुढची जागा निघेल तेव्हा माझं नाव धरावं.' चौथं वाक्य बोलू नकोस. मग त्याच दिवशी दोन ओळींचा मेल, म्हणजे अप्रेझलच्या वेळी कागदावर असेल. 'वैयक्तिक अडचण आहे' म्हणून टीम बदलून मागण्यात एक गोम असते: मॅनेजर कारण शोधायला लागतो, आणि तुमच्या ऑफिसात ते शोधायला दोन चहा पुरतात. टीम बदलायचीच असेल तर कामाचं कारण दे, नवं तंत्रज्ञान, नवा क्लायंट, काहीही खरं असेल ते. तोवर लीडला सांगून कोड रिव्ह्यूची जोडी बदलून घे. तेवढ्यानंही दिवसातले निम्मे मेसेज कमी होतील.

जागा मिळालीच तर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी विचार. परत आल्यावर किती महिने नोकरी सोडता येणार नाही, आणि सोडली तर किती रक्कम भरायची? आणि डेप्युटेशन असेल, म्हणजे इथल्याच नोकरीवर राहून तिथं पाठवणार, का तिथल्या पगारपत्रकावर टाकणार? दुसरं असेल तर इथली सलग नोकरी तुटते का, याचं उत्तर एचआरकडून मेलवरच घे.

फ्लॅटचं काम मात्र थांबवू नकोस. करार दोघांच्या नावावर आहे तोवर भाड्याची जबाबदारीही दोघांची, तो राहो वा न राहो. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याची मुदत, कधी संपतं आणि नोटीस किती, ते करारात बघ. मग घरमालकाला मेल कर: जुना लिव्ह अँड लायसन्स करार रद्द करून माझ्या एकटीच्या नावानं नवा नोंदवू. आपल्याकडे तो नोंदवावाच लागतो, आणि आता एजंट घरी येऊन अंगठे घेतो, अर्ध्या तासाचं काम. डिपॉझिटमधला त्याचा वाटा मालक देणार की तू, ते त्या मेलमध्येच लिही. बऱ्याच जोडप्यांप्रमाणे तुम्हीही 'साखरपुडा झालाय' म्हणून जागा मिळवली असेल तर आता मालकाला कहाणी सांगत बसू नकोस. 'ते शिफ्ट झालेत' एवढं पुरे.

लॅपटॉपचे उरलेले हप्ते मोज. समजा सात, प्रत्येकी ६,४०० रुपये, तर ४४,८०० होतात. एकच मेसेज, एक आकडा, एक तारीख. दर महिन्याला मागत बसलीस तर दर महिन्याला बोलणं होईल, आणि तुला (खरं सांग) थोडं तेच हवं असेल. त्यानं नाही दिले तरी हप्ता चुकवू नकोस. सिबिल तुझं खराब होईल, त्याचं नाही. डिपॉझिटच्या त्याच्या वाट्यातून वळते करायचे असतील तर आधी त्याची लेखी संमती घे.

त्याच दिवशी व्हॉट्सॅपचे लिंक्ड डिव्हाइस, लोकेशन शेअरिंग आणि पासवर्ड बघून घे. फोटो डिलीट करू नकोस, रात्री एक वाजता ते परत मिळवायचा खटाटोप करशील. एका जुन्या पेनड्राइव्हवर टाकून आईकडे ठेव.

लग्नाची पत्रिका टीमला येईल. आहेराच्या वर्गणीत तुझा वाटा दे, मांडवात जाऊ नकोस. लग्नाच्या दिवसाची रजा आजच टाक, म्हणजे नंतर कारण सांगावं लागणार नाही.

झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर माझ्या उत्तराची वाट न बघता १४४१६ वर फोन कर. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं.

मालकाला मेल आज रात्री. मॅनेजरची वेळ सोमवारी.