बाल्कनीत मातीविना भाजी : खर्च किती?

प्रश्न : बाल्कनीत पाण्यावर पालेभाजी लावायची आहे. दुकानदार पंप-पाइपांच्या सेटचे ७,५०० रुपये सांगतो. एवढे लागतातच का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सेट आत्ता घेऊच नका. मी घेतला होता. मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, पंप थांबला, आणि संध्याकाळी पाहते तर लेट्यूसची मुळं सुकून दोऱ्यासारखी! फार जीव तुटला.

आता माझ्याकडे झाकणाच्या चार बादल्या आहेत. झाकणाला भोक, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेली जाळीची कुंडी. पंप नाहीच. पाणी खाली जातं तशी वरची मुळं हवा घेतात; म्हणून बादली पुन्हा काठोकाठ भरायची नाही. खत, सामू (पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा) मोजायचं किट धरून मला १,२०० रुपयांच्या आत पडलं. सामू ५.५ ते ६.५ ठेवा. बादली पारदर्शक नको, उजेडाने शेवाळ धरतं.

खताच्या 'अ' आणि 'ब' बाटल्या मात्र थेट एकमेकींत कधीही ओतू नका. एकीतल्या कॅल्शियमचा दुसरीतल्या सल्फेट-फॉस्फेटशी संयोग होऊन पांढरा गाळ बसतो आणि पैसे वाया जातात. एक पाण्यात नीट ढवळा, मगच दुसरी. बोअरचं पाणी असेल तर आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून घ्या.