घरून ई-जर्नल का उघडत नाही?

प्रश्न : मी नाशिकच्या एका महाविद्यालयात शिकवते. ग्रंथालयात सहज उघडणारी ई-जर्नल्स घरी पैसे मागतात. संशोधन रखडतंय. काय करावं?

उत्तर : प्रकाशकाकडे महाविद्यालयाच्या इंटरनेटचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणी ओळखण्याचा क्रमांक) नोंदवलेला असतो, तुमच्या घरच्या वायफायचा नाही; म्हणून घरी तुमची ओळख पटत नाही. ग्रंथपालांकडून एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-जर्नल्स पुरवणारी योजना) किंवा इन्फेडचा (संस्थेच्या ओळखीवर बाहेरूनही ई-जर्नल्स उघडून देणारी सेवा) लॉगिन मागून घ्या. आधी तिथे लॉगिन करायचं, मग तिथूनच जर्नल उघडायचं. गूगलवरून थेट लेखावर गेलात, तर तुम्ही कोणत्या संस्थेच्या हे प्रकाशकाला कळत नाही आणि पुन्हा पैशांची मागणी येते. बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो, याचं फार वाईट वाटतं. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मोफत मिळतील. पण नुसत्या पीडीएफ साठवून लेखन पुढे सरकत नाही; डाउनलोड करतानाच झोटेरोत (संदर्भ नीट साठवणारं सॉफ्टवेअर) नोंद करा, दोन ओळींचं टिपण जोडा.