लॅबमधल्या −४८ व्होल्टच्या राउटरला कोणता सप्लाय घ्यावा?

तालुक्याच्या पॉलिटेक्निकला दोन जुने टेलिकॉम राउटर मिळालेत, मागे ‘−४८ व्होल्ट डीसी’ छापलंय, तर वेगळा ‘मायनस’ सप्लाय लागेल का, असं विचारलंय. नाही लागत. आउटपुट अर्थला न जोडलेला साधा ४८ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या एसी विजेचं डीसी करणारा सप्लाय) चालतो. त्याचं प्लस राउटरच्या ‘रिटर्न’ला आणि मायनस ‘−४८’ला जोडा. टेलिकॉममध्ये प्लस अर्थ केलेलं असतं, म्हणून तो आकडा उणे. राउटर लावण्याआधी मल्टिमीटरने उलटसुलट झालं नाही ना, ते बघाच.

अँपिअर काढायला लेबलवरचे वॉट भागिले ४८. दोन्ही मिळून ३०० वॉट असतील तर सव्वासहा अँपिअर. १० चा घ्या. एवढा मोठा का? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ गाठतो, वर टिनाचं छप्पर असलं तर बोलायलाच नको, आणि बरेच एसएमपीएस ५० अंशांनंतर पूर्ण लोड देत नाहीत. डेटाशीटमधला डिरेटिंगचा, म्हणजे तापमान वाढलं की लोड किती कमी करायचा त्याचा, आलेख पाहूनच घ्या.

इनपुट ९० ते २६४ व्होल्टचं हवं. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज कुठे जातं ते तुम्हाला ठाऊकच आहे. ११५/२३० चं बटण असलेला स्वस्तातला नको. ४८ व्होल्टच्या बाजूला एमसीबी मात्र डीसीचाच लावा. डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही.